चुकीच्या वेगाने फिरलेली तबकडी : बिली जोएल यांच्या पहिल्या अल्बमचे प्रकरण

अमेरिकी गायक आणि पियानोवादक बिली जोएल यांचे नाव जगभर झाले ते १९७७ च्या ‘द स्ट्रेंजर’ या अल्बमपासून. ‘जस्ट द वे यू आर’ हे त्यातले गाणे अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रण व सर्वोत्तम गीत असे दोन्ही मान मिळाले. पण त्या वेळी जोएल यांच्यामागे दहा वर्षांहून अधिक काळ गाण्यावाजवण्यात गेलेला होता. एका बँडचे दोन अल्बम, दोघांच्या जोडीचा एक, आणि १ नोव्हेंबर १९७१ रोजी स्वतःच्या नावाने आलेला ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’, एवढा ऐवज ‘द स्ट्रेंजर’ घेणाऱ्या बहुतेक श्रोत्यांना माहीतही नव्हता. या शेवटच्या अल्बमचे काय झाले, ते का झाले आणि पुढे त्यात कोणी काय बदलले, याचा हा अभ्यास आहे.

प्रसिद्ध गायकांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांबद्दल दोन ठरावीक मते ऐकू येतात. एक मत असे की ती कच्ची होती, म्हणून मागे पडली. दुसरे असे की ती लपलेली रत्ने होती आणि जगाने त्यांच्यावर अन्याय केला. ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’च्या बाबतीत दोन्ही मते अपुरी पडतात, कारण १९७१ साली लोकांसमोर आलेली वस्तू आणि गायकाने स्टुडिओत गायलेले गाणे यांत मोजता येण्याजोगा फरक होता. ती तबकडी मूळ गाण्यापेक्षा जास्त वेगाने वाजत होती. म्हणजे श्रोत्यांनी जोएल यांना नाकारले असे म्हणण्याआधी, त्यांनी नेमके काय ऐकले हे तपासावे लागते.

आधीची दोन वळणे

जोएल यांचा जन्म ९ मे १९४९ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सचा. वाढले ते लाँग आयलंडवरच्या हिक्सव्हिल भागात. लहानपणापासून पियानोचे रीतसर शिक्षण झाले. शाळेच्या शेवटच्या वर्षांत ते रात्री उशिरापर्यंत बारमध्ये वाजवत असत आणि त्यातून एक परीक्षा हुकल्यामुळे त्यांचे शालान्त प्रमाणपत्र राहून गेले, जे त्यांना १९९२ साली मिळाले. ‘द हॅसल्स’ या बँडबरोबर त्यांनी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीसाठी दोन अल्बम केले, पहिला १९६७ चा आणि दुसरा १९६९ चा. सॅम अँड डेव्ह या जोडीच्या एका गाण्याची हॅसल्सने केलेली आवृत्ती थोडीफार वाजली, पण पहिल्या शंभरात गेली नाही.

त्यानंतर हॅसल्सचे ड्रमवादक जॉन स्मॉल यांच्यासह जोएल यांनी ‘अटिला’ नावाची जोडी काढली. १९७० साली एपिक कंपनीने तिचा एकमेव अल्बम प्रसिद्ध केला. त्यात गिटार नाही. हॅमंड ऑर्गनचा आवाज मोठ्या अँप्लिफायरमधून काढून इतका फाडलेला आहे की तो गिटारसारखा गुरगुरतो. मुखपृष्ठावर दोघेही हूण योद्ध्यांच्या वेशात, टांगलेल्या मांसाच्या धुडांमध्ये उभे आहेत. या अल्बमची आजही चेष्टा होते. मला ती पटत नाही. ऑर्गनवर एकाच वेळी मंद्रातली बासची बाजू आणि वरची आक्रमक बाजू पेलणारा एकवीस वर्षांचा वादक त्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’वरच्या पियानोच्या डाव्या हाताची ताकद कुठून आली हे समजून घ्यायचे असेल, तर अटिला एकदा तरी ऐकायला हवा. मात्र गाणी म्हणून त्यात फारसे काही नाही, हेही खरे.

अटिला मोडली ती व्यक्तिगत कारणांनी. त्यानंतरच्या काळात जोएल गंभीर निराशेत गेले, त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना रुग्णालयात निरीक्षणाखाली राहावे लागले. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितले आहे. त्याच दिवसांत लिहिलेल्या मजकुरातून ‘टुमॉरो इज टुडे’ हे गाणे तयार झाले. बँड, वेशभूषा, कर्कश आवाज हे सगळे बाजूला ठेवून पियानोसमोर एकट्याने बसून लिहायचे, असे त्यांनी ठरवले. आधी त्यांचा विचार दुसऱ्या गायकांसाठी गाणी लिहिण्याचा होता, पण ती गाणी लोकांना ऐकवायची तर आधी स्वतःच गायला हवीत, अशी परिस्थिती होती.

करार

हॅसल्सच्या काळापासूनचे त्यांचे व्यवस्थापक आयर्विन मेझर यांनी नमुन्याची ध्वनिफीत मायकेल लँग यांच्यापर्यंत पोहोचवली. वूडस्टॉक महोत्सवाच्या आयोजकांपैकी एक म्हणून लँग यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते. लँग यांच्यामार्फत ती आर्टी रिप यांच्याकडे गेली. रिप हे जुन्या पठडीतले निर्माते. गाणे ओळखण्याची त्यांची नजर पक्की होती आणि ‘फॅमिली प्रॉडक्शन्स’ ही स्वतःची नवी कंपनी त्यांना उभी करायची होती. जोएल यांनी करारावर सही केली, आणि त्या सहीबरोबर ध्वनिमुद्रणांची मालकी व गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क हातातून गेले.

बावीस वर्षांच्या, पैशाने तंगीत असलेल्या कलावंताने असा करार करावा यात त्या काळी नवल नव्हते. रिप यांची बाजूही नोंदवायला हवी. जोएल यांना घडवण्यावर आपण साडेचार लाख डॉलर खर्च केले, असे ते सांगत. आकडा बाजूला ठेवला, तरी दुसऱ्या कोणत्याही कंपनीला रस नसताना पियानोवर एकट्याने गाणाऱ्या अनोळखी मुलावर त्यांनी पैज लावली होती, आणि चांगले साथीदार, वाद्यवृंद, स्टुडिओ या गोष्टी त्यांनी पुरवल्या होत्या. या प्रकरणात रिप यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्याशिवाय ही दहा गाणी १९७१ साली ध्वनिफितीवर उतरली नसती.

कराराचा खरा परिणाम मात्र पुढे होणाऱ्या चुकीच्या संदर्भात कळतो. वस्तू बिघडली तेव्हा ती परत बोलावण्याचा, दुरुस्त करून मगच विकण्याचा अधिकार ज्याचा आवाज होता त्याच्याकडे नव्हता.

वेग

आता मुख्य मुद्दा. ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’ची तबकडी तयार होताना ध्वनिफितीचा वेग चुकला आणि अख्खा अल्बम वाजवी वेगापेक्षा जलद छापला गेला. चूक साधारण अर्ध्या स्वराची होती, असे म्हटले जाते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचे तर काळी एक पट्टीत गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू यावे, एवढी. ऐकायला हे किरकोळ वाटते. गायक तर रोजच पट्टी बदलतात. एखाद्या दिवशी गळा मोकळा असला की अर्धा स्वर चढवून गातात आणि कोणाचे काही बिघडत नाही. मग इथे एवढे काय बिघडले?

फरक असा आहे. गायक स्वतः पट्टी चढवतो तेव्हा स्वर वर जातो, पण घशाची आणि तोंडाची पोकळी तीच राहते, म्हणून आवाजाचा पोत, ज्यावरून आपण माणूस ओळखतो, तो तसाच राहतो. ध्वनिफीत जलद फिरवली तर स्वराबरोबर तो पोतही वर सरकतो. जणू गाणाऱ्याचा घसाच आकाराने लहान झाला. आवाज कोवळा, पातळ, किंचित नाकातला होतो. अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांची वाढ. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने बनलेली तबकडी ३५ च्या थोडे वर फिरावी, तसे हे झाले. तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपते. शब्द संपवताना गायक जो श्वास घेतो तो आखडतो, लांबवलेल्या स्वरावरचे कंपन घाईचे होते, पियानोचा स्वर विरत जाण्याचा काळ कमी होतो. द्रुत गाण्यात हे सगळे खपून जाते. संथ गाण्यात ते लपत नाही.

आणि हा अल्बम बव्हंशी संथ गाण्यांचा होता. पहिलेच गाणे ‘शीज गॉट अ वे’ घ्या. पियानो आणि आवाज, एवढ्यावर ते उभे आहे. एका स्त्रीच्या असण्याने आपल्याला काय होते हे गाणाऱ्याला नीट सांगता येत नाही, आणि त्या न सांगता येण्यातच गाण्याची सगळी गोडी आहे. ओळ संपल्यावर पियानो थोडा थांबतो आणि मग पुढची ओळ येते. हे थांबणे गाण्याच्या अर्थाचा भाग आहे. १९७१ च्या तबकडीत तो थांबा आखडलेला आहे, आणि आवाज असा की एखादा शाळकरी मुलगा मोठ्या माणसाचे गाणे म्हणतो आहे. ‘व्हाय ज्युडी व्हाय’, ‘गॉट टू बिगिन अगेन’ या गाण्यांतही तेच. ‘नॉक्टर्न’ हा शब्दांविना असलेला पियानोचा तुकडा आहे, त्यामुळे त्यात आवाजाचा प्रश्न येत नाही. पण रात्रीच्या संथपणासाठीच ज्या रचनाप्रकाराला हे नाव मिळाले, तो घाईत वाजला की त्याचा रंगच उडतो. याउलट ‘एव्हरीबडी लव्हज यू नाऊ’ मुळातच धावते गाणे आहे. डाव्या हाताचा ठेका आणि उजव्या हाताच्या झपाट्याच्या सुरावटी यांमुळे ते जलद तबकडीतही तगून राहते; किंबहुना नवख्या श्रोत्याला त्यात दोष जाणवणारही नाही.

असा दोष निर्माण होतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. ध्वनिफितीच्या यंत्रात एक बारीक दांडा आणि रबरी चाक यांच्या चिमटीतून फीत ओढली जाते. त्या दांड्याच्या फिरण्यावर वेग ठरतो. ज्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले ते किंचित हळू चालत असेल आणि ती फीत पुढे नेमक्या वेगाच्या यंत्रावर वाजवली, तर गाणे जलद होते. मुद्रण बरोबर असेल आणि मिश्रणाच्या (म्हणजे वेगवेगळे मुद्रित आवाज एकत्र जुळवण्याच्या) किंवा तबकडी कापण्याच्या टप्प्यावरचे यंत्र जलद असेल, तरीही परिणाम तोच. हा अल्बम लॉस एंजेलिसमधील रेकॉर्ड प्लांट आणि लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेडमधील अल्ट्रासॉनिक अशा दोन स्टुडिओंत घडला. काम जितक्या यंत्रांवरून जाते, तितकी प्रत्येक टप्प्यावर वेग पडताळून पाहण्याची गरज वाढते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जमवणारे आपल्याकडचे लोकही हा प्रश्न ओळखतात: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ च्या वेगाने कापलेल्या नव्हत्या आणि आज त्या तशा वाजवल्या की त्या काळातल्या गायकांची पट्टी व लय दोन्ही चुकीची नोंदली जातात. पण तो काळ वेगळा होता. १९७१ सालच्या व्यावसायिक स्टुडिओत हे व्हायला नको होते, आणि झाले तरी बाजारात जाण्याआधी कोणीतरी ते थांबवायला हवे होते.

जोएल यांनी तयार तबकडी पहिल्यांदा ऐकली, तेव्हा ती टर्नटेबलवरून ओढून काढली, घराबाहेर धावले आणि रस्त्यावर भिरकावून दिली, असे सांगितले जाते. ही कथा थोडी रंगवलेली असू शकेल. पण स्वतःचे गाणे चुकीच्या आवाजात ऐकणाऱ्या माणसाची प्रतिक्रिया म्हणून ती अगदी पटण्यासारखी आहे.

अपयश आणि एक अनपेक्षित ध्वनिफीत

अल्बम विकला गेला नाही. नवी, लहान कंपनी आणि तिचे तोकडे वितरण यांचा त्यात मोठा वाटा होता. तबकडी बरोबर वेगाची असती तर ती खपली असती, असा दावा मी करणार नाही. १९७१ हे वर्ष पियानो आणि गिटार घेऊन स्वतःची गाणी गाणाऱ्यांनी गजबजलेले होते; कॅरोल किंग यांचा ‘टॅपेस्ट्री’ त्याच वर्षीचा. त्या गर्दीत अनोळखी नावाचा अल्बम हरवणे सहज शक्य होते. वेगाच्या चुकीने झाले ते एवढेच की ज्या थोड्यांनी तो ऐकला त्यांच्याही मनात गायकाची खरी ओळख उमटली नाही.

जोएल बँड घेऊन दौऱ्यावर गेले. १५ एप्रिल १९७२ रोजी फिलाडेल्फियातील सिग्मा साउंड स्टुडिओत, थोड्या श्रोत्यांसमोर, डब्ल्यूएमएमआर या रेडिओ केंद्रासाठी त्यांचा कार्यक्रम झाला. त्यात त्यांनी ‘कॅप्टन जॅक’ हे नवे गाणे म्हटले. उपनगरातल्या, खाऊनपिऊन सुखी पण आतून पोकळ झालेल्या, नशेकडे वळलेल्या तरुणाचे ते गाणे आहे. रेडिओ केंद्राने त्याची ध्वनिफीत पुन्हा पुन्हा वाजवली. श्रोते तेच गाणे मागत राहिले. कोणत्याही दुकानात न मिळणारे गाणे एका शहरात माहीत झाले, आणि कोलंबिया रेकॉर्ड्सच्या लोकांपर्यंत त्याची वार्ता गेली.

या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी घटना आहे. रीतसर छापून, मुखपृष्ठ लावून विकायला ठेवलेल्या अल्बमने जे केले नाही, ते एका रेडिओ केंद्राच्या फितीने केले. त्या फितीवर वाद्यवृंद नव्हता, सफाई नव्हती. पण त्यात जोएल यांचा आवाज होता तसा होता, आणि गाणे लोकांसमोर घडत होते. त्यांची ताकद कुठे आहे हे तिथे उघड झाले. नंतरच्या काळातही स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणापेक्षा रंगमंचावर त्यांचे गाणे वेगळे उभे राहते, असे त्यांच्याबद्दल वारंवार म्हटले गेले, त्याचे पहिले प्रमाण फिलाडेल्फियाचे.

दरम्यान जोएल फॅमिली प्रॉडक्शन्सच्या करारातून सुटण्याची वाट पाहत लॉस एंजेलिसमध्ये राहिले. विल्शायर बुलेव्हार्डवरच्या ‘द एक्झिक्युटिव्ह रूम’ या बारमध्ये ते ‘बिल मार्टिन’ या नावाने पियानो वाजवत. विल्यम मार्टिन जोएल हे त्यांचे पूर्ण नाव, त्यातलीच ही दोन नावे. तिथल्या गिऱ्हाइकांवरून त्यांना ‘पियानो मॅन’ सुचले. १९७३ मध्ये कोलंबियाशी करार झाला, पण रिप यांना बाजूला सारून नव्हे. पुढच्या अल्बमच्या कमाईतला ठरावीक हिस्सा त्यांना मिळत राहिला आणि कोलंबियाच्या तबकड्यांवर फॅमिली प्रॉडक्शन्सची खूण, लांडगीचे दूध पिणारे रोमच्या दंतकथेतले जुळे भाऊ रोम्युलस आणि रेमस, छापली जात राहिली. ‘पियानो मॅन’ १९७४ मध्ये पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेले. गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क पुढे कोलंबियाचे प्रमुख वॉल्टर येटनिकॉफ यांनी रिप यांच्याकडून मिळवून जोएल यांना दिले. पहिल्या अल्बमच्या मूळ फिती मात्र रिप यांच्याकडेच होत्या.

१९८१ : गायकाने केलेली दुरुस्ती

‘द स्ट्रेंजर’, मग १९७८ चा ‘फिफ्टीसेकंड स्ट्रीट’, मग १९८० चा ‘ग्लास हाउसेस’. या तीन अल्बमनंतर जोएल यांच्या जुन्या गाण्यांना मोठा श्रोतृवर्ग मिळू शकत होता. जुना अल्बम बाहेर काढणे त्यांच्या हातात नव्हते, आणि तो तसाच बाहेर यावा अशी त्यांची इच्छाही नसावी. त्यांनी दुसरा मार्ग काढला. १९८० च्या उन्हाळ्यातील दौऱ्यात ‘द स्ट्रेंजर’च्या आधीची गाणी ठिकठिकाणी, मोठ्या स्टेडियमपासून लहान क्लबपर्यंत, आपल्या पक्क्या बँडसह ध्वनिमुद्रित करून घेतली आणि सप्टेंबर १९८१ मध्ये ‘साँग्ज इन दि ॲटिक’ या नावाने फिल रमोन यांच्या निर्मितीत प्रसिद्ध केली. पहिल्या अल्बममधून त्यांनी दोन गाणी निवडली: ‘शीज गॉट अ वे’ आणि ‘एव्हरीबडी लव्हज यू नाऊ’.

‘शीज गॉट अ वे’ बॉस्टनच्या पॅरडाइज क्लबमधले आहे. हे आणि १९७१ चे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकले की प्रकरणाचे मर्म हाती येते. गाण्याची चाल तीच, शब्द तेच, पियानोची मांडणी जवळजवळ तीच. एकतीस वर्षांच्या जोएल यांचा आवाज भरदार झालेला आहे, पण नुसता वयाचा फरक असता तर तो इतका जाणवला नसता. इथे ओळींना जागा मिळते. ओळीच्या शेवटी पियानोचा स्वर विरेपर्यंत ते थांबतात, आणि त्या थांब्यात क्लबमधले श्रोते गप्प असतात. १९७१ मध्ये हे गाणे जसे लिहिले गेले होते तसे बहुसंख्य लोकांनी ऐकले ते १९८१ मध्ये. एकल गाणे म्हणून ते १९८२ च्या सुरुवातीला तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेले. ज्या गाण्याकडे दहा वर्षांपूर्वी कोणी वळून पाहिले नव्हते, ते फारसा बदल न करता यादीच्या वरच्या भागात पोहोचले, म्हणजे गाण्यात उणीव नव्हती. गायकाचे आता नाव झाले होते हे कारण अर्थातच मोठे आहे, आणि ते वजा करून मोजता येत नाही. तरी वाजवी वेगात गायलेले गाणे श्रोत्यांच्या मनाला भिडते हे त्यातून निःसंशय दिसले.

१९८३ : मालकाने केलेली दुरुस्ती

यानंतर दोन वर्षांनी रिप यांनी आपल्याकडच्या मूळ फिती काढल्या. कॅलिफोर्नियातील स्टुडिओ सिटी इथल्या त्यांच्या फिडेलिटी स्टुडिओत ध्वनितंत्रज्ञ लॅरी एलियट यांच्यासह त्यांनी अल्बमचे नव्याने मिश्रण केले. वेग दुरुस्त केला. जोएल यांचा बावीस वर्षांचा आवाज प्रथमच त्याच्या खऱ्या पट्टीत ऐकू आला, आणि एवढ्याच कामासाठी रिप व एलियट यांचे आभार मानायला हवेत.

पण ते तिथे थांबले नाहीत. ‘टर्न अराउंड’सारख्या गाण्यावर नव्या वादकांकडून ड्रम्स आणि कीबोर्डची साथ वाजवून घेऊन चढवली गेली. काही गाण्यांतील मूळ साथ काढून टाकण्यात आली. ‘यू कॅन मेक मी फ्री’ हे मूळचे जवळजवळ सहा मिनिटांचे गाणे सुमारे तीन मिनिटांनी कापले गेले. या सगळ्यात जोएल यांचा सहभाग नव्हता. कोलंबियाने १९८३ च्या अखेरीस ही आवृत्ती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या अल्बम-यादीत ती १५८ व्या क्रमांकापलीकडे गेली नाही. सीडीवर ‘कोल्ड स्प्रिंग हार्बर’ म्हणून जे आले ते हेच मिश्रण. त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांत ज्यांनी हा अल्बम ऐकला, त्यांच्यापैकी बहुतेकांचे मत १९७१ च्या अल्बमबद्दलचे नसून १९८३ च्या अल्बमबद्दलचे आहे. समीक्षा वाचताना हे विशेष जपावे लागते. ‘या अल्बममध्ये ड्रम्स विसंगत वाटतात’ असे कोणी लिहिले असेल, तर आधी विचारायला हवे की कोणत्या वर्षीचे ड्रम्स.

‘यू कॅन मेक मी फ्री’ची कापणी मला सर्वांत जास्त खुपते. मूळ गाण्याचा शेवट लांबत जातो. शब्द संपतात आणि पुढे वादक मंडळी एकमेकांच्या अंगाने वाजवत राहतात, गायक मध्येच हाका घालतो, ठेका तापत जातो. हॅसल्स आणि अटिलामध्ये रात्र रात्र वाजवलेला तरुण या एकाच ठिकाणी अल्बममध्ये मोकळा सुटलेला आहे. बाकी सगळा अल्बम आवरून धरलेला आहे. हा भाग तसा नाही. तो गेला की पहिला अल्बम आणि त्याआधीची पाच वर्षे यांना जोडणारा दुवाच निखळतो आणि जोएल अचानक, कुठून तरी, हळुवार गाणी घेऊन उगवले असे वाटू लागते. गाणी रेडिओच्या मापात बसवण्यासाठी कापली जातात, ही तक्रार जोएल यांनी १९७४ मध्येच ‘दि एंटरटेनर’ या गाण्यात केली होती. त्यांच्या पहिल्या अल्बमवर तीच वेळ त्यानंतर नऊ वर्षांनी आली.

रिप यांनी हे का केले असावे? त्यांच्या दृष्टीने ही फीत जपून ठेवण्याचा दस्तऐवज नव्हती. ती अर्धवट राहिलेला माल होती, आणि १९८३ च्या कानांना रुचेल असा तो पूर्ण करायचा होता. निर्माता म्हणून त्यांची सगळी हयात असेच काम करण्यात गेली होती. पण ज्या घटकेला गायक प्रसिद्ध होतो, त्या घटकेपासून त्याचे जुने ध्वनिमुद्रण दस्तऐवजही होते, आणि दोन्ही गरजा एकाच तबकडीत भागत नाहीत. वेग दुरुस्त करणे म्हणजे वस्तू तिच्या मूळ स्थितीत आणणे. नवे ड्रम्स चढवणे आणि शेवट कापणे म्हणजे तिची दुसरी वस्तू करणे. एकाच आवृत्तीत दोन्ही केल्यामुळे, बरोबर पट्टीतला आवाज हवा असेल तर कापलेले गाणे पत्करा आणि पूर्ण गाणे हवे असेल तर चुकीच्या पट्टीतला आवाज पत्करा, असा पेच श्रोत्यांवर लादला गेला.

२००५ मध्ये ‘माय लाइव्ह्ज’ हा संच आला, तेव्हा हॅसल्स, अटिला आणि त्याआधीच्या ‘लॉस्ट सोल्स’ या शाळकरी बँडची ध्वनिमुद्रणेही त्यात घेतली गेली. संग्रहकर्त्यांच्या कपाटांत पडून असलेली गाणी त्यामुळे सर्वांना मिळाली, आणि हॅसल्स ते पहिला अल्बम ही वाट कानांनी चालून पाहता येऊ लागली.

ज्यांना हे प्रकरण स्वतः तपासायचे आहे, त्यांच्यासाठी साधा उपाय आहे. फॅमिली प्रॉडक्शन्सची १९७१ ची मूळ तबकडी जुन्या बाजारात अधूनमधून मिळते. ती १९८३ ची आवृत्ती नाही हे ‘यू कॅन मेक मी फ्री’च्या लांबीवरून लगेच ओळखता येते. वेग बदलण्याची पट्टी असलेल्या टर्नटेबलवर, म्हणजे टेक्निक्सच्या एसएल-१२०० सारख्या यंत्रावर, वेग दोन्ही बाजूंना ८ टक्क्यांपर्यंत हलवता येतो. पट्टी साडेपाच टक्क्यांच्या आसपास खाली आणावी, १९८३ च्या आवृत्तीतले ‘शीज गॉट अ वे’ शेजारी लावावे आणि दोन्हींचे सूर जुळेपर्यंत ती किंचित पुढेमागे करावी. सूर जुळले की पट्टीला हात न लावता मूळ तबकडी ‘यू कॅन मेक मी फ्री’वर न्यावी आणि गाणे शेवटापर्यंत, वादक थांबेपर्यंत, ऐकावे.